बांधलं, त्याची नोंद कुठे आहे?

बौद्धिक अक्षम आणि ऑटिस्टिक मुलांच्या अनुदानित विशेष शाळेत डेडस्टॉक रजिस्टर नावाची एक जाड वही असते. शाळेतली प्रत्येक खुर्ची, कपाट, स्वयंपाकघरातलं पातेलं, भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्यात अनुक्रमांकासकट लिहिलेलं असतं. खुर्चीचा पाय मोडला तरी ती परस्पर फेकून देता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, मंजुरीची वाट बघायची आणि मग लाल शाईने शेरा मारायचा. एकोणीस वर्षं मी ही वही हाताळली. त्याच एकोणीस वर्षांत, त्याच इमारतीत मुलांना खुर्चीला बांधलेलं पाहिलं, खोलीत कोंडलेलं पाहिलं. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतःही एका मुलाचे हात ओढणीने बांधले आहेत. ज्या खुर्चीला बांधलं तिची नोंद वहीत होती. बांधल्याची कुठेच नव्हती.

बांधणाऱ्यांत राक्षस कोणी नव्हतं. वसतिगृहात रात्रपाळीला दोन काळजीवाहक, त्यातला एक हमखास रजेवर. एक मुलगा भिंतीवर डोकं आपटतोय, दुसऱ्याला फिट आलीय, तिसऱ्याने अंथरूण ओलं केलंय. अशा वेळी हात बांधणं म्हणजे त्या काळजीवाहकाच्या लेखी मुलाला वाचवणंच असतं. मी त्या रात्रीचा जाब विचारायला बसलेले नाही. मला खटकते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. काल का बांधावं लागलं, किती वेळ बांधलं, उद्या बांधावं लागू नये म्हणून आज काय बदलायचं, हे त्या सकाळी कोणीच विचारत नाही. प्रार्थना होते, हजेरी होते, दिवस सुरू होतो.

'पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट' या नावाने जगभर जे काम चालतं, त्याचा गाभा या सकाळच्या प्रश्नांतच आहे. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत ते 'सकारात्मक वर्तन समर्थन' अशा जड नावाने येतं आणि बऱ्याचदा तिथेच राहतं. एक दिवसाची कार्यशाळा, मागे बॅनर, पुष्पगुच्छ, संध्याकाळी प्रमाणपत्र. त्यातून पालकांच्या आणि शिक्षकांच्या डोक्यात उरतं ते एवढंच, की मारायचं नाही, चांगलं वागला की चॉकलेट द्यायचं. आमच्या शाळेत एका मुलीचं वजन या चॉकलेटांनी इतकं वाढलं, की तिच्या आईने हात जोडून ते बंद करायला सांगितलं. वागणं होतं तसंच होतं.

नंदूची गोष्ट सांगते. (नाव अर्थातच खरं नाही.) बारा वर्षांचा, ऑटिस्टिक, बोलणं जवळजवळ नाहीच. वर्गात मणी ओवायला बसवलं की पाच मिनिटांत ताट उधळायचा. मणी अख्ख्या वर्गभर. कोणी हात धरला तर चावायचा. मी त्याला शिक्षा द्यायचे, म्हणजे माझ्या दृष्टीने सौम्य शिक्षा: 'बाहेर व्हरांड्यात बस.' तो जायचा. व्हरांड्यात एक नळ होता, कायम ठिबकणारा. नंदू त्याच्यासमोर बसून तासभर थेंब बघायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट, पुन्हा मणी, पुन्हा व्हरांडा. हे असं जवळजवळ दीड महिना चाललं. शाळेत नव्याने लागलेली एक काळजीवाहक, दहावी शिकलेली बाई, एक दिवस मणी गोळा करता करता म्हणाली, "बाई, त्याला बाहेर जायचं असतं म्हणून तो सांडतो. आणि तुम्ही त्याला रोज बाहेर पाठवता."

बी.एड. मी केलं होतं. विशेष शिक्षणाची पदविका माझ्याकडे होती. दीड महिना मी त्या मुलाला नेमाने शिकवत होते, की बाहेर जायचं असेल तर ताट उधळ.

मग आम्ही नळाचा फोटो काढला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि त्याच्या बाकाला दोऱ्याने अडकवला. कार्ड हातात दिलं की बाहेर, लगेच, वाद नाही. पहिल्या तीन दिवसांत त्याने ते कार्ड इतक्या वेळा दिलं, की मुख्याध्यापक येऊन विचारून गेले, हा मुलगा शाळेत येतो की व्हरांड्यात? तिसऱ्या आठवड्यात तो सकाळी दोनदा आणि जेवणानंतर एकदा जाऊ लागला. मधल्या वेळात बसू लागला. मण्यांऐवजी मोठी लाकडी चकती दिली तेव्हा आणखी बसला. ताट उधळणं बंद झालं असं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी तो मला चावला, कारण सुट्टीत कार्ड हरवलं होतं आणि नवीन करायचं माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्याला मणी नेमके का नको होते, ते मला आजही माहीत नाही. पण बाहेर जायचंय हे सांगायला त्याला चावण्यावाचून दुसरा मार्ग मिळाला, एवढं नक्की.

आमच्या काळजीवाहक बाईंना जे सहज दिसलं, ते १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून मांडलं होतं. अभ्यास अवघा चार मुलांचा. त्यातल्या कोणाचा आरडाओरडा काम अवघड गेलं की सुरू व्हायचा, कोणाचा मोठ्यांचं लक्ष कमी पडलं की. ज्याला काम जमत नव्हतं त्याला 'मला कळत नाही' म्हणायला शिकवलं. ज्याला लक्ष हवं होतं त्याला 'मी बरोबर करतोय का?' असं विचारायला शिकवलं. आदळआपट एकदम खाली आली. यातली खरी मेख पुढे आहे. ज्याला मदत हवी त्याला लक्ष वेधणारं वाक्य शिकवलं तर काही उपयोग होत नाही. म्हणजे नुसतं 'बोलायला शिकवा' हे पुरत नाही. आधी तो काय म्हणतोय ते ओळखावं लागतं.

मराठीत आपण मुलाला 'वळण लावतो'. अक्षराला वळण असतं, वेलीला वळण देतात, तसंच मुलालाही. शब्द मला आवडतो, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे: वाकडेपणा वेलीत आहे, मांडव सरळच आहे. विशेष मुलांच्या बाबतीत हे गृहीत फार महागात पडतं. आमच्याकडे एक मोठी मुलगी स्वतःच्या गालावर ठोसे मारायची. तीन महिने तिच्यावर 'बिहेविअर' म्हणून उपाय चालले, कारण आमच्या क्षेत्रात कशालाही 'बिहेविअर आहे' म्हटलं की विषय संपतो. शेवटी एका दंतवैद्याने तिचं तोंड उघडून बघितलं. दाढ किडून आत पू झाला होता. तिला दुखत होतं, आणि आम्ही तिला हात मांडीवर ठेवायला शिकवत होतो.

आता कायद्याकडे वळते, कारण माझं मुख्य म्हणणं तिथे आहे.

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझम आहे आणि क्रूर, अमानुष, हीन वागणुकीपासून संरक्षण देण्याची जबाबदारी सहाव्या कलमाने सरकारवर टाकली आहे. ९२ व्या कलमात सहा महिने ते पाच वर्षं तुरुंगवासाची शिक्षाही आहे. पण ते कलम नीट वाचा. दिव्यांग व्यक्तीवर बळ वापरणं हा तिथे गुन्हा होतो तो अवमान करण्याच्या किंवा स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने वापरलं तर. आमच्या वसतिगृहातल्या रात्रपाळीच्या माणसाचा तसा हेतू नसतो. त्याचा हेतू चांगला असतो किंवा तो थकलेला असतो. म्हणजे रोज होणारी गोष्ट कायद्याच्या जाळीतून अलगद खाली पडते.

त्याहून विचित्र गोष्ट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळीने बांधलेल्या पंचवीसहून अधिक मनोरुग्णांना पळताही आलं नाही. ती आग देशाच्या लक्षात राहिली. आजचा कायदा साखळदंडांना कोणत्याही स्वरूपात मनाई करतो, एकट्याला कोंडून ठेवायला मनाई करतो. शारीरिक बंधन फक्त तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि गरज असेल तेवढाच वेळ. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ, हे रुग्णाच्या कागदावर लिहायचं. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अहवाल पाठवायचा. किती नेटकं आहे हे! फक्त, याच कायद्याने 'मानसिक आजारा'च्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळली आहे.

ती वगळली हे तत्त्वतः बरोबरच आहे. बौद्धिक अक्षमता हा आजार नव्हे, यासाठी आम्हीच वर्षानुवर्षं भांडलो. पण परिणाम काय झाला तो बघा. स्किझोफ्रेनियाच्या माणसाला मनोरुग्णालयात वीस मिनिटं बांधलं तर कागद तयार होतो. बौद्धिक अक्षम मुलाला विशेष शाळेच्या वसतिगृहात चार तास बांधलं तर काहीच तयार होत नाही. माझ्या नोकरीत शिक्षणाधिकारी आले, समाजकल्याणचे निरीक्षक आले, त्यांनी भेटपुस्तकात शेरे लिहिले, पोषण आहाराची तांदळाची पोती मोजली. 'गेल्या महिन्यात किती वेळा बांधलं?' असं एकानेही विचारलं नाही.

नोंद नसली की संस्थेची सोय हाच नियम होऊन बसतो. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षम मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. तेव्हाही सांगणाऱ्यांना आपण काही वाईट करतोय असं वाटत नव्हतं. पॅड कसा बदलायचा हे चित्रांनी, पायरीपायरीने, सहा महिने शिकवता येतं. मी स्वतः अनेक मुलींना शिकवलंय. पण त्याला सहा महिने आणि एक माणूस लागतो. शस्त्रक्रियेला एक दिवस.

बाहेरच्या जगात सगळं सुधारलंय असंही कोणी समजू नये. वर्तनशास्त्राचा इतिहास काळाकुट्ट आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात इव्हार लोवास यांनी ऑटिस्टिक मुलांवर थपडा आणि विजेचे झटके वापरले. 'लाइफ' मासिकाने १९६५ मध्ये ते छायाचित्रांसह छापलं. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत अंगावर बांधलेल्या यंत्राने झटके देण्याची पद्धत या शतकातही चालू राहिली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती उडवली, मग संसदेला कायदा बदलावा लागला आणि २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव नव्याने आणावा लागला. झटके मागणाऱ्यांत पालकही होते, हे विसरून चालणार नाही. स्वतःचं डोकं फोडून घेणारं मूल ज्यांनी पाहिलंय, त्यांना ती अगतिकता कळेल.

पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट उभं राहिलं ते १९८० च्या दशकात या झटक्यांना विरोध करणाऱ्यांमधून. ऑस्ट्रेलियाने ते कायद्यात नेलं. तिथल्या दिव्यांग विमा योजनेच्या २०१८ च्या नियमांनी पाच गोष्टींना 'निर्बंध' म्हटलं: कोंडणं, औषधाने गप्प करणं, पट्ट्याने किंवा साधनाने अडकवणं, हाताने धरून ठेवणं आणि वस्तू किंवा जागा बंद करणं. शेवटचं लक्षात घ्या. फ्रिजला कुलूप लावणं हासुद्धा निर्बंध. यातलं काहीही करायचं तर लेखी वर्तन योजना हवी, आणि योजनेशिवाय किंवा परवानगीशिवाय केलं तर त्या विमा योजनेवर देखरेख करणाऱ्या आयोगाला कळवायचं. २०२०-२१ या एका वर्षात अशा विनापरवाना वापराच्या दहा लाखांहून अधिक नोंदी झाल्या. आकडा बघून दचकायला होतं. एकाच माणसाच्या रोजच्या गोळीच्या नोंदीही त्यात येतात, हा भाग वेगळा. पण ऑस्ट्रेलिया आपल्यापेक्षा क्रूर आहे म्हणून हा आकडा मोठा नाही. आपला आकडा शून्य आहे, कारण आपण मोजलेलंच नाही.

औषधाचं नाव निघालंच आहे तर बोलते. रिस्पेरिडोन या मनोविकारांवरच्या औषधाचं नाव आज आमच्या पालकांच्या तोंडी क्रोसिनसारखं बसलंय. औषध नको असं मी म्हणत नाही. ऑटिस्टिक मुलांच्या टोकाच्या चिडचिडीवर ते उपयोगी पडतं याला पुरावा आहे, आणि काही घरं त्याच्यामुळे झोपू शकली हे मी पाहिलंय. पण २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. बौद्धिक अक्षमता असलेली आणि आक्रमक वागणारी ८६ प्रौढ माणसं. काहींना हॅलोपेरिडॉल हे तसंच जुनं औषध, काहींना रिस्पेरिडोन, काहींना नुसती साखरेची गोळी म्हणावी तशी निष्क्रिय गोळी. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली आणि सर्वांत जास्त कमी झाली ती निष्क्रिय गोळीच्या गटात. कोणीतरी नियमित येऊन चौकशी करत होतं, हाच कदाचित उपचार झाला असेल, असा माझा तर्क. आपल्याकडे गोळी सुरू करताना डॉक्टर असतात. ती कधी थांबवायची हे विचारायला कोणी नसतं. पेंगुळलेलं मूल सगळ्यांनाच सोयीचं.

पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्टवरची सर्वांत गंभीर टीका आली आहे ती मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांकडून, आणि ती मला झोंबली. ते म्हणतात, झटक्याच्या जागी कार्ड आलं, पण हेतू तोच: आम्ही तुमच्यासारखे दिसावं. हात फडफडवू नको, डोळ्याला डोळा दे, 'नमस्कार' म्हण. मी हे सगळं शिकवलंय. गॅदरिंगमध्ये पाहुण्यांसमोर हात जोडून उभं राहायला शिकवलंय, त्यासाठी महिना-महिना घालवलाय. कोणासाठी? हात फडफडवण्याने कोणाला इजा होत नव्हती. आता मी एकच कसोटी लावते: या वागण्याने त्याला किंवा दुसऱ्याला दुखापत होते का, त्याचं जेवणखाण, शिकणं, बाहेर जाणं अडतं का? नसेल तर हात लावू नये. ऑटिस्टिकसाठी वापरला जाणारा 'स्वमग्न' हा शब्दही मला आताशा खुपतो. माझे बरेचसे विद्यार्थी स्वतःत मग्न नव्हते. बाहेरचा प्रत्येक आवाज, ट्यूबलाइटची गुणगुण, कुकरची शिट्टी त्यांना सोसवत नव्हती. मग्न होतो ते आम्ही.

दुसरी टीका कोरडी आहे पण महत्त्वाची. इंग्लंडमध्ये काळजी सेवांतल्या कर्मचाऱ्यांना या पद्धतीचं प्रशिक्षण देऊन एक मोठी चाचणी झाली; २०१८ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या सेवेच्या तुलनेत काही फरक दिसला नाही. हे वाचून आपल्याकडे कोणी 'बघा, काही उपयोग नाही' म्हणेल. मला त्यातून एवढंच दिसतं, की प्रशिक्षण देऊन माणूस पुन्हा त्याच रात्रपाळीत, त्याच चाळीस मुलांमागे उभा केला तर तो जुनंच करणार. नंदूच्या कार्डाला खर्च आला पाच रुपये. पण पहिल्या तीन दिवसांत त्याच्याबरोबर बाहेर जायला एक जास्तीचं माणूस लागलं. ते आमच्याकडे निघालं, कारण त्या आठवड्यात निम्मी मुलं गावच्या जत्रेला गेली होती. पद्धत जत्रेच्या भरवशावर चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांना विशेष शिक्षकांची पदं अधिसूचित करायला सांगितलं. त्यात काळजीवाहकांचा विचार कोण करणार? मुलांबरोबर सर्वांत जास्त तास तेच असतात, आणि पगारपत्रकात सर्वांत खाली तेच.

घरचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक भाषणानंतर विचारला जातो. बरोबरच आहे. शाळा सोडलेल्या एका मुलीच्या घरी मी गेले होते. सव्वीस वर्षांची, ऑटिस्टिक आणि बौद्धिक अक्षम. आई चार घरी धुणीभांडी करते. सकाळी दहा ते पाच मुलगी खाटेच्या पायाला जुन्या साडीच्या पट्टीने बांधलेली. पट्टी कमरेला, हाताला नाही. जवळ पाण्याची बाटली, ताटलीत चुरमुरे, खाली मेणकापड. गाठ कुठे मारली तर तिला खुपणार नाही याचा विचार केलेला दिसत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेव्हा आई म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा, आत्ता सोडते. पण दुपारी रस्त्यावर गेली तर कोण आणणार, तेही सांगा." मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंत. अठरा संपले की शाळेचं दार बंद. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी कार्यशाळा असली तर असते, आणि तिथेही 'बिहेविअर आहे' म्हटलं की प्रवेश नाही. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांनाच आधी नकार. या आईला शिक्षा करणारा कायदा मला नको आहे. तिच्या मुलीला दुपारी पाच तास सांभाळणारी जागा तालुक्याच्या गावी हवी. ती मिळेपर्यंत तिच्या गाठीबद्दल बोलायचा अधिकार मला नाही.

पण संस्थांची गोष्ट वेगळी. त्या नोंदणी घेतात, बऱ्याच जणी अनुदान घेतात. म्हणून तिथून सुरुवात करता येईल. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. पुण्यात आयुक्तालय आहे. कायदा बदलायची वाटसुद्धा बघायला नको. विशेष शाळा, वसतिगृहं, कार्यशाळा, आश्रयगृहं या सगळ्यांसाठी एक परिपत्रक काढा: बांधलं, कोंडलं, धरून ठेवलं, शांत करण्यासाठी जादा गोळी दिली, तर त्याच दिवशी लिहा. पालकांना दुसऱ्या दिवशी कळवा. महिन्याला जिल्हा कार्यालयाला पाठवा. एकाच मुलाच्या तीन नोंदी झाल्या की लेखी योजना: दुखतंय का ते डॉक्टरने तपासलं का, आधी काय घडतं, त्याला काय सांगायचं असावं, ते सांगायला आपण कोणतं साधन दिलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो'सारखं चित्रांचं मोफत ॲप आहे. फोन नसेल तर पुठ्ठा आहे.

यावर मुख्याध्यापकांची बैठक मला आत्ताच ऐकू येते. 'नोंद ठेवली तर आम्हीच अडकू.' म्हणूनच पहिली दोन वर्षं नोंदीवरून कारवाई नको. न केलेल्या नोंदीवरून हवी. 'आणखी एक रजिस्टर!' हेही खरं, कागद वाढेल. हालचाल रजिस्टर, आवक-जावक, पोषण आहार, सगळं आम्हीच लिहितो. आणि लिहून कोणी वाचलं नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. ब्रिस्टलजवळच्या विंटरबर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातला छळ २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने बाहेर आणला, अकरा कर्मचारी दोषी ठरले. नंतरच्या चौकशीत दिसलं की तिथे धरून-दाबून ठेवल्याच्या शेकडो नोंदी व्यवस्थित होत्या. वाचल्या कोणीच नव्हत्या. म्हणून महिन्याचा कागद जाईल तिथे तो वाचून उलट प्रश्न विचारणारं माणूस नेमायला हवं. माझं मत विचाराल तर त्या टेबलावर एक पालक आणि एक ऑटिस्टिक व्यक्ती बसलेली असावी.

रजिस्टराचा नमुना मी घरी आखून ठेवलाय. तारीख, वेळ, किती मिनिटं, कोणी, कशाने, पालकांना कधी कळवलं. शेवटून दुसरा रकाना 'याआधी काय घडलं?' हा आहे आणि तोच भरायला सर्वांत अवघड जाणार. नंदूच्या वेळी काळजीवाहक बाईंच्या सांगण्यावरून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तसा रकाना आखला होता. पहिले अकरा दिवस त्यात माझ्याच अक्षरात 'विनाकारण' लिहिलेलं आहे. बाराव्या दिवशी 'मण्यांचं ताट पुढे ठेवलं' असं आहे, आणि खाली बाईंच्या अक्षरात: 'रोजच ठेवतो.'